वयात येतानाचे केस : काढायचे का? काढायचे तर कसे?

शालेय पुस्तकात वयात येतानाच्या बदलांवर एक धडा असतो. काखेत, जांघेत केस येतात, मुलांना मिसरूड फुटते, एवढे सांगून तो पुढे सरकतो. मुलांचे प्रश्न मात्र तिथेच सुरू होतात. वर्गात एक बंद पेटी ठेवावी, नाव न घालता चिठ्ठ्या टाकायला सांगावे. मग साधारण अशा चिठ्ठ्या निघतात :

‘बाई, ब्लेड लावलं की केस दाट येतात का?’

‘माझ्या ओठावर मिशी आहे. मुलं चिडवतात. काय लावू?’

‘मैत्रीण वॅक्सिंग करते. मी केलं तर चालेल का? आईला कसं सांगू?’

‘सर, वर्गात सगळ्यांना मिशी आली. मला का नाही?’

कल्याणच्या पुढे विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशा लोकलच्या वाटेवरच्या शाळा डोळ्यांसमोर आणा. एकाच बाकावर सिंधी, मराठी, हिंदी बोलणाऱ्या घरांतल्या मुली बसतात. एका घरात आई स्वतः तेरा वर्षांच्या मुलीला पार्लरमध्ये घेऊन जाते. दुसऱ्या घरात हा विषय काढणेसुद्धा आगाऊपणाचे ठरते. तिसऱ्या घरात केस कापणेच धर्माला मान्य नसते. गणवेशाचा स्कर्ट मात्र सगळ्यांचा गुडघ्यापर्यंतच असतो, आणि गाडीच्या गर्दीत वरची कडी धरायला हात सगळ्यांनाच उंच करावा लागतो. मग कोणी कवायतीच्या तासाला पोटदुखीचे कारण सांगते, कोणी उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा स्वेटर घालते, तर कोणी न्हाणीघराचे दार लावून वडिलांचे रेझर कोरड्याच पायावर फिरवते.

हा प्रश्न नटण्यामुरडण्याचा म्हणून सोडून देण्यासारखा नाही. एप्रिल २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात दहावीच्या परीक्षेत राज्यात पहिल्या आलेल्या मुलीचा फोटो छापून आला आणि तिच्या गुणांपेक्षा तिच्या चेहऱ्यावरच्या केसांचीच चर्चा समाजमाध्यमांवर झाली. राज्यात पहिल्या आलेल्या मुलीची ही कथा, तर इतरांना काय काय ऐकावे लागत असेल याची कल्पना करता येते. अशा वेळी मुलांना योग्य माहिती देणारे माणूस बहुधा शिक्षकच असू शकते. त्यासाठी आधी केस म्हणजे काय ते नीट पाहू.

लव आणि राठ केस

माणसाच्या अंगावर सुमारे ५० लाख केशकूप, म्हणजे केस उगवण्याच्या बारीक पिशव्या असतात. त्यांपैकी डोक्यावर असतात जेमतेम लाखभर. उरलेले केशकूप तळहात, तळपाय, ओठ अशा मोजक्या जागा सोडून सर्वांगावर पसरलेले असतात. आईच्या पोटात असतानाच ते सगळे तयार होतात. जन्मानंतर नवे केशकूप होत नाहीत. स्त्री आणि पुरुष यांच्यातही त्यांची संख्या साधारण सारखीच असते. फरक असतो तो त्यांतून उगवणाऱ्या केसांत.

गर्भावर मऊ, बारीक केसांचे आवरण असते. ते जन्माच्या आधी किंवा जन्मानंतर काही आठवड्यांत आपोआप गळते. आपल्याकडे तान्ह्या बाळाला डाळीच्या पिठाने चोळतात आणि ‘पीठ लावल्यामुळे लव गेली’ असे म्हणतात. न चोळताही ती गेलीच असती. उलट जोराने चोळल्याने बाळाच्या नाजूक कातडीला इजा मात्र होते.

त्यानंतर अंगभर राहते ती लव. हे केस आखूड, बारीक आणि फिकट असतात. डोक्याचे केस, भुवया व पापण्या यांचे केस मात्र लांब, जाड आणि काळे असतात. या दुसऱ्या प्रकाराला आपण राठ केस म्हणू.

वयात येताना काय घडते?

मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी साधारण सहा ते आठ वर्षांच्या वयापासून अँड्रोजेन गटातली संप्रेरके हळूहळू जास्त प्रमाणात सोडू लागतात. पुढे मुलींमध्ये बीजांडकोश आणि मुलांमध्ये वृषण कामाला लागले की त्यात भर पडते. ‘अँड्रोजेन म्हणजे पुरुषांचे संप्रेरक’ असे सरसकट सांगितले जाते, त्यामुळे गैरसमज होतो. ते मुलींच्या शरीरातही असते आणि असायलाच हवे. प्रमाण तेवढे वेगळे असते.

हे संप्रेरक रक्तातून केशकूपापर्यंत पोचते. केशकूपाने ते ओळखले की तिथली लव जाऊन तिच्या जागी राठ केस येऊ लागतो. सगळे केशकूप सारखे संवेदनशील नसतात. जांघेतले आणि काखेतले केशकूप थोड्या अँड्रोजेनलाही प्रतिसाद देतात, म्हणून मुलगा असो की मुलगी, तिथे केस येतातच. हनुवटी आणि छाती यांवरच्या केशकूपांना जास्त प्रमाण लागते, म्हणून दाढी मुलांनाच येते आणि तीही उशिरा. गंमत अशी की हेच संप्रेरक काही पुरुषांच्या टाळूवर उलटे काम करते आणि टक्कल पाडते.

केशकूप किती संवेदनशील असावेत हे मुख्यतः आनुवंशिकतेने ठरते. म्हणून एकाच वर्गात, एकाच वयाच्या, सारखाच आहार घेणाऱ्या दोन मुलींपैकी एकीच्या हातावर नुसती लव असते आणि दुसरीच्या हातावर ठळक काळे केस. दोघींचीही प्रकृती उत्तम असू शकते. आई, मावशी, आत्या यांच्याकडे पाहिले की बहुतेक वेळा उत्तर सापडते. मिशी न आलेल्या मुलालाही हेच सांगायचे : वडिलांना विचार, त्यांना कितव्या वर्षी आली? लवेचे राठ केसांत रूपांतर होण्याचे काम विशीपर्यंत, कधी त्याहीपुढे चालूच असते.

ब्लेडने केस दाट होतात का?

चिठ्ठ्यांतला हा सर्वांत जास्त येणारा प्रश्न. उत्तर आहे : नाही. अमेरिकेतील शरीररचनाशास्त्रज्ञ मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी १९२८ मध्ये दाढी करणाऱ्या पुरुषांच्या केसांची जाडी आणि वाढीचा वेग मोजला. दाढी केल्याने दोन्हींत फरक पडत नाही असे त्यांना आढळले. १९७० मध्ये दुसऱ्या दोन संशोधकांनी पाच तरुणांचा एक पाय दर आठवड्याला तासला आणि दुसरा तसाच ठेवला. काही महिन्यांनी दोन्ही पायांवरच्या केसांची तुलना केली, तरी फरक दिसला नाही.

याचे कारण सोपे आहे. कातडीच्या वर दिसणारा केस निर्जीव असतो. जिवंत भाग असतो तो खाली केशकूपाच्या तळाशी. ब्लेड तिथपर्यंत पोचतच नाही. वर काय कापले गेले याची खबर मुळाला लागत नाही.

मग लोकांना तसे वाटते का? खराट्याचा एक हीर घ्या. त्याचे टोक निमुळते आणि लवचीक असते. ते तळहातावर फिरवून पाहा. आता हीर मधोमध कापा आणि कापलेले टोक फिरवा. ते टोचते, राठ लागते, वरून पाहिले तर जाडही दिसते. हीर तोच आहे, फक्त त्याचे निमुळते टोक गेले. केसाचेही तसेच. शिवाय बारा-तेराव्या वर्षी पहिल्यांदा ब्लेड लावले जाते, ते वयच केस वाढण्याचे असते. वर्षभराने केस जास्त दिसतात आणि दोष ब्लेडवर येतो. दोन गोष्टी एकापाठोपाठ घडल्या म्हणून पहिली दुसरीचे कारण ठरत नाही, हे वर्गात शिकवायला यापेक्षा चांगले उदाहरण नाही.

केसाचे आयुष्य

प्रत्येक केस काही काळ वाढतो, मग थांबतो, विसावतो आणि गळतो. त्याच केशकूपातून नवा केस उगवतो. डोक्याच्या केसाचा वाढीचा काळ दोन ते सहा वर्षांचा असतो आणि तो महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. हातापायांच्या केसांचा वाढीचा काळ थोड्या महिन्यांचाच, म्हणून ते कमरेपर्यंत वाढत नाहीत.

कोणत्याही एका दिवशी अंगावरचे काही केस वाढत असतात, काही विसावलेले असतात आणि काही कातडीखालीच असतात. म्हणून वॅक्सिंगनंतर आठवड्याभरात थोडे केस दिसू लागले तर पार्लरवालीने फसवले असे समजायचे कारण नाही. उपटताना जे वर आलेलेच नव्हते, ते आता आले. लेझरच्या एका खेपेत काम का भागत नाही, याचे उत्तरही इथेच आहे.

वरच्यावर काढायच्या पद्धती

केस काढण्याच्या पद्धतींचे तीन गट पडतात : वरच्यावर काढणे, मुळासकट उपटणे आणि मूळच निकामी करणे.

पहिल्या गटात सर्वांत निर्धोक म्हणजे कात्री किंवा विजेवर चालणारा ट्रिमर. केस आखूड होतात, कातडीला पाते लागत नाही. काखेसाठी आणि ज्यांना केस फक्त कमी दिसायला हवेत त्यांच्यासाठी एवढे पुरते.

त्यानंतर रेझर. न दुखणारे, स्वस्त, घरी करता येणारे. केस एक ते तीन दिवसांत पुन्हा जाणवू लागतात. मुले चुकतात ती पद्धतीत. कोरड्या कातडीवर रेझर फिरवू नये. आंघोळीच्या शेवटी, केस ओले होऊन मऊ झाल्यावर, साबणाचा फेस लावून, केस ज्या दिशेने वाढतात त्या दिशेने, न दाबता हलक्या हाताने फिरवावे. रेझर प्रत्येकाचे वेगळे असावे. वडिलांचे किंवा ताईचे वापरू नये, कारण न दिसणाऱ्या रक्ताच्या अंशातून यकृतशोथ ब आणि क यांचे विषाणू एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतात. दाढीसाठी सलूनमध्ये जाणाऱ्या मुलालाही हेच सांगावे : पाते आपल्यासमोर नवे घातले का ते पाहा, आणि नसेल तर मागून घ्या. त्यात संकोच कसला?

तिसरी पद्धत केस काढण्याच्या क्रीमची. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. केराटिनचे लांब धागे एकमेकांना गंधकाच्या पुलांनी जोडलेले असतात, शिडीच्या दोन बांबूंना पायऱ्या जोडतात तसे. क्रीममधला थायोग्लायकोलेट हा पदार्थ या पायऱ्या तोडतो. क्रीम तीव्र अल्कधर्मी, सामू सुमारे १२ असलेले असते. त्यामुळे केस फुगतो आणि काम लवकर होते. पाच-दहा मिनिटांत केस लिबलिबीत होऊन पुसला जातो.

पण कातडीच्या वरच्या थरातही केराटिनच असते. म्हणून वेळ चुकवली तर कातडीही भाजते. डबीवर लिहिलेल्या वेळेपेक्षा एक मिनिटही जास्त ठेवू नये. आधी हाताच्या आतल्या बाजूला थोडेसे लावून, धुऊन, २४ तास वाट पाहावी. लाली, खाज आली तर ते क्रीम आपले नाही. चेहऱ्यासाठी वेगळे बनवलेले नसेल ते चेहऱ्याला लावू नये. जखम, इसब, पुळ्या असलेल्या जागी आणि जननेंद्रियांजवळ तर मुळीच नको.

ब्लीच केस काढत नाही, फक्त त्याचा रंग फिका करते. त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड असते. ओठावरच्या लवेसाठी ते वापरतात, पण सावळ्या रंगावर पिवळे केस कधी कधी जास्तच उठून दिसतात. त्यासाठीही आधी हातावर चाचणी हवीच.

एक प्रयोग

हा प्रयोग शिक्षकांनी हातमोजे घालून, खिडक्या उघड्या ठेवून करावा. सलूनमधून थोडे कापलेले केस आणा. लोकरीचा धागा, सुती दोरा, रेयॉनचा धागा आणि कापलेल्या नखाचा तुकडा घ्या. शहाडला सेंच्युरी रेयॉनचा कारखाना असल्याने उल्हासनगरच्या मुलांना रेयॉन हे नाव तरी ऐकून माहीत असते. पाचही वस्तू काचेवर वेगवेगळ्या ठेवून त्यांवर केस काढण्याच्या क्रीमचा थर द्या. १५ मिनिटांनी काडीने ओढून पाहा. रेयॉनचा धागा पाण्याने भिजल्यावरही कमजोर होतो, म्हणून तुलनेसाठी एक धागा नुसत्या पाण्यातही ठेवा.

केस आणि लोकर तुटतात, सुती दोरा शाबूत राहतो. लोकर म्हणजे मेंढीचे केस, म्हणजे केराटिन. सूत आणि रेयॉन हे दोन्ही वनस्पतीतल्या सेल्युलोजचे, त्यांत गंधकाचे पूलच नाहीत. नखाचे काय होते आणि त्याला वेळ का लागतो, यावर मुलांना तर्क करू द्या. शेवटी विचारा : ‘आता सांगा, हे क्रीम अर्धा तास हातावर ठेवाल का?’ सूचनांच्या यादीपेक्षा हा प्रश्न जास्त काम करतो.

उपटायच्या पद्धती

चिमटा, दोरा, वॅक्स आणि केस उपटणारे विजेचे यंत्र या गटात येतात. केस मुळातून निघतो, म्हणून तीन ते सहा आठवडे जागा मोकळी राहते. पण दुखते, आणि नवा येणारा बारीक केस कधी कातडीतच वळून अडकतो. मग लाल पुळी होते, कधी पू धरतो. केसतोड आणि काखमांजरी हे शब्द आपल्या भाषेत उगाच आलेले नाहीत.

वॅक्स गरम असेल तर भाजण्याचा धोका मोठा. साखर आणि लिंबाचा पाक करून घरी वॅक्स बनवण्याची पद्धत जुनी आहे, पण उकळता पाक कातडीला चिकटून राहतो, त्यामुळे तो पाण्यापेक्षा वाईट भाजतो. मुलांनी एकट्याने हे करू नये. मोठ्या माणसाने आधी स्वतःच्या मनगटावर पाहून मगच लावावे. मुरुमांसाठी डॉक्टरांनी रेटिनॉइड गटातले औषध दिले असेल तर वॅक्सिंग करू नये. त्या औषधाने कातडी नाजूक होते आणि केसाबरोबर सालही निघते. मधुमेह असलेल्या मुलांनी डॉक्टरांना विचारूनच करावे.

भुवयांसाठी दोरा वापरतात. कातडीला रसायन लागत नाही हा त्याचा फायदा. मात्र दोरा प्रत्येकीला नवा हवा आणि तो दातात धरण्यापेक्षा मानेला बांधलेला बरा. भुवया वर्षानुवर्षे उपटत राहिल्यास काही केस परत येत नाहीत. तेराव्या वर्षी फॅशन म्हणून कोरलेली भुवई तिसाव्या वर्षी हवीशी वाटेलच असे नाही.

मूळ निकामी करणे

१८७५ मध्ये अमेरिकेतील नेत्रतज्ज्ञ चार्ल्स मिशेल यांनी डोळ्यात टोचणारी पापणी काढण्यासाठी बारीक सुईतून विजेचा प्रवाह सोडून केशकूप नष्ट केला. विद्युत-सुईची ही पद्धत आजही वापरली जाते. एकेक केस घ्यावा लागत असल्याने तिला फार वेळ लागतो.

लेझरमागचे तत्त्व अँडरसन आणि पॅरिश यांनी १९८३ मध्ये मांडले, आणि १९९० च्या दशकाच्या मध्यापासून ते केसांसाठी वापरात आले. भिंगातून सूर्यकिरण पांढऱ्या कागदावर आणि काळ्या कागदावर एकवटून पाहा. काळा कागद आधी पेटतो. लेझरचा प्रकाश तसाच केसातल्या काळ्या मेलॅनिनमध्ये शोषला जातो आणि त्या उष्णतेने मूळ भाजते. पण आपल्या सावळ्या कातडीतही मेलॅनिन असते. यंत्र किंवा त्याची मात्रा चुकली तर कातडी भाजून डाग पडतात. जास्त तरंगलांबीचा, खोलवर जाणारा प्रकाश आपल्यासारख्या वर्णाला अधिक सुरक्षित असतो. तो निवडायला त्वचारोगतज्ज्ञच हवा.

तेरा-चौदाव्या वर्षी मात्र आणखी एक अडचण असते. आज जी लव आहे तीच उद्या राठ होणार असते. आज पैसे खर्चून जागा साफ केली तरी शेजारचे केशकूप पुढच्या वर्षी जागे होतात. चेहऱ्यावर लेझर केल्यावर काहींचे केस उलट वाढल्याचेही आढळले आहे. म्हणून ‘कायमचे’ या शब्दाला या वयात भुलू नये. डॉक्टरांनी आजारासाठी सुचवले तर गोष्ट वेगळी.

‘नवीन’ आणि ‘खात्रीचे’ यांचा इतिहास

आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत केस काढण्यासाठी हरताळ आणि शंखाचे चूर्ण यांचे लेप आहेत. हरताळ म्हणजे आर्सेनिक आणि गंधक यांचे पिवळे संयुग. पोथीत चुकलेले अक्षर झाकायला ते लावत. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार त्यातूनच आला. चुन्याबरोबर त्यातला गंधक केसातले पूल तोडतो, म्हणजे रसायन आजच्या क्रीमसारखेच. पण आर्सेनिक हे विष आहे. पुढे बेरियम सल्फाइडची पूड आली. तीही पोटात गेली तर घातक ठरते. अशी पूड घरात असेल तर ती लहान भावंडांच्या हाती लागता कामा नये.

क्ष-किरणांचा शोध लागला १८९५ मध्ये. लगेच पुढच्या वर्षी व्हिएन्नात लिओपोल्ड फ्रॉइंड यांनी एका पाच वर्षांच्या मुलीच्या पाठीवरचे केस क्ष-किरणांनी घालवले. केस गेले, पण पाठीवर खोल व्रण झाला. तरीही १९२० च्या दशकात अमेरिकेतल्या सौंदर्यगृहांत क्ष-किरणांनी केस काढणे हा जोरात चाललेला धंदा होता. कित्येक स्त्रियांना पुढे कर्करोग झाला. १९३० च्या सुमारास थॅलियम असलेले एक क्रीम तिथे विकले जात होते. थॅलियम म्हणजे उंदराचे विष. वापरणाऱ्या काही जणींना अर्धांगवायूसारखे विकार झाले.

यातून घ्यायचा धडा साधा आहे. जाहिरात म्हणजे पुरावा नव्हे. पुलाखालच्या गाडीवरून किंवा मोबाइलवर पाहून मागवलेल्या, घटक, बॅच क्रमांक, मुदत, उत्पादकाचा पत्ता यांपैकी काहीही न छापलेल्या डबीला हात लावू नये.

निवड करताना पाच प्रश्न

मुलीला किंवा मुलाला एखादी पद्धत सांगून टाकण्यापेक्षा हे प्रश्न द्यावेत.

१. हे कोणाला हवे आहे? मलाच, की चिडवणाऱ्यांना? काहीच न करणे हीसुद्धा एक पूर्ण निवड आहे. केस म्हणजे घाण नव्हे. काखेतला वास केसांचा नसतो, घामावर वाढणाऱ्या जिवाणूंचा असतो. साबणाने धुऊन जागा कोरडी ठेवली की पुरते. जांघेतले केस काढण्याची आरोग्यासाठी काहीही गरज नाही. फार वाढले तर कात्रीने जपून आखूड करावेत.

२. कुठले केस? पायांना रेझर चालतो. ओठावरच्या लवेला बहुधा काहीच लागत नाही. लागलेच तर मोठ्यांच्या मदतीने दोरा वापरावा.

३. माझी कातडी कशी आहे? इसब, मुरूम, सूज, उंचावणारे वण असतील तर कात्री किंवा ट्रिमरवर थांबावे.

४. कोण करणार, आणि दर किती दिवसांनी? त्याचा वेळ आणि खर्च घराला झेपेल का?

५. नाही आवडले तर मागे फिरता येईल का? ट्रिमर आणि रेझर यांतून मागे फिरता येते. लेझरमधून येत नाही. म्हणून सुरुवात नेहमी मागे फिरता येणाऱ्या पद्धतीने करावी.

यावरून तेराव्या वर्षाच्या बहुतेक मुलामुलींसाठी एक क्रम निघतो : आधी काहीच न करणे, मग ट्रिमर, मग स्वतःचे रेझर. क्रीम आणि वॅक्स त्यानंतर, मोठ्यांच्या देखरेखीखाली. लेझर वाढ पुरी झाल्यावर, डॉक्टरांच्या सल्ल्याने.

डॉक्टरांकडे कधी?

मुलीच्या हनुवटीवर, छातीवर, पोटावर राठ केस थोड्याच महिन्यांत झपाट्याने वाढले, आवाज घोगरा झाला, मुरूम फार वाढले, पाळी महिनोन्‌महिने येत नसेल, किंवा आठ वर्षांच्या आतच मुलीला जांघेत केस आले, तर डॉक्टरांकडे जायला हवे. मुलांसाठी ही सीमा नऊ वर्षांची. बीजांडकोशाच्या एका विकारात, ज्याला पीसीओएस म्हणतात, पाळी अनियमित होते आणि केस वाढतात. मात्र पहिली एक-दोन वर्षे पाळी अनियमित असणे पुष्कळदा स्वाभाविकच असते. आणि पाळी सुरू झाल्यापासून पहिल्या आठ वर्षांत केवळ सोनोग्राफीवरून या विकाराचे निदान करू नये, असे २०२३ ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. म्हणून ‘केस आहेत म्हणजे पीसीओएस’ असा शिक्का आपण मारू नये. फेफऱ्यावरच्या फेनिटोइनसारख्या औषधानेही केस वाढतात. ते औषध मनाने बंद करणे मात्र धोक्याचे.

उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयासारख्या सरकारी रुग्णालयात दाखवता येते. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ मध्ये सुरू झाला. त्याखाली किशोरवयीनांना सल्ला देणारी केंद्रे सरकारी रुग्णालयांत चालवली जातात.

बोलायचे कोणी?

मे २०२३ मध्ये उल्हासनगरातच बारा वर्षांच्या एका मुलीला पहिली पाळी आली. कपड्यावरचे डाग पाहून तिच्या तिशीतल्या भावाने भलताच संशय घेतला आणि तिला इतके मारले की ती मरण पावली. डाग कशाचे हे तिला स्वतःला सांगता आले नव्हते. भावालाही कोणी कधी शिकवले नव्हते. पाळी आणि केस या एकाच वयातल्या, एकाच संप्रेरकांच्या खेळातून होणाऱ्या गोष्टी. एकीवर मौन पाळले की दुसरीवरही पाळले जाते, आणि मौनाची किंमत कधी ब्लेडच्या कापण्याइतकी असते, कधी त्याहून फार मोठी.

म्हणून हा तास मुलगे आणि मुली दोघांना द्यावा. चिठ्ठ्यांची पेटी ठेवावी. कोणाच्याही शरीराचे उदाहरण घेऊ नये, स्वतःचेही नाही, आणि ‘बघू तुझा हात’ असे तर कधीच म्हणू नये. कोणी एकटे येऊन विचारले तर आधी ऐकून घ्यावे, मग विचारावे, ‘घरी कोणाशी बोलू शकशील? आई, मावशी, ताई?’ तिला बोलायला जड जात असेल तर पालकसभेत आपणच विषय काढावा. ‘मुली फॅशनेबल झाल्यात’ अशी तक्रार पालकांकडून येईल. त्यांना एवढेच सांगावे : मुलगी विचारते आहे तोवर बरे आहे. न विचारता दार लावून जे होते, त्याची काळजी करायला हवी.

आणि चिडवण्याचे काय? खराट्याचा हीर आणि क्रीममधला लोकरीचा धागा पाहिलेल्या वर्गाला केसांत हसण्यासारखे फारसे काही उरत नाही. तरी कोणी हसलेच, तर त्याला फळ्यापाशी बोलवावे आणि लव राठ कशी होते ते सांगायला लावावे. त्याच्या स्वतःच्या ओठावरही ती होतच असते.